पहिला ट्रक: नवा की जुना?

माझा भाचा इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. जवळच्या पिथमपूरच्या एका कारखान्यात तीन वर्षं डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करण्याचं काम सांभाळलं, आता स्वतःची गाडी धंद्याला लावायची म्हणतोय. "मामा, नवी घेऊ की जुनी?" मी उलट विचारलं, "महिन्याला पक्क्या फेऱ्या किती?"

माझ्या मते सगळं इथेच ठरतं. भाडं मिळो न मिळो, नव्या गाडीचा हप्ता तारखेला जाणारच. कारखान्याशी लेखी करार असेल आणि मुंबईहून परतीचा माल ठरलेला असेल, तर नवी बिनधास्त घ्या. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रकवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, व्याजदर जुन्या गाडीपेक्षा कमी असतो, मुदतही लांब मिळते. पण नुसती चासी, म्हणजे बॉडीशिवायचा सांगाडा घेतलात तर बॉडी बांधण्यात आठवडे जातात, आणि हप्ता त्यासाठी थांबत नाही. हा खर्च पहिल्याच हिशेबात धरा.

जुनी गाडी नावावर झाली की आठवड्यात कामाला लागते. मात्र कर्जाचं व्याज जास्त, मुदत कमी. विमाही वाटतो तेवढा स्वस्त पडत नाही, कारण थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याचा हप्ता गाडीच्या वयावर नाही, एकूण वजनावर ठरतो.

जुनी घेताना वय नीट बघा. देशभर माल न्यायचं नॅशनल परमिट साध्या दोन-अ‍ॅक्सल ट्रकला 12 वर्षांपर्यंत आणि मल्टी-अ‍ॅक्सलला (दोनपेक्षा जास्त अ‍ॅक्सल) 15 वर्षांपर्यंतच मिळतं. फिटनेस सर्टिफिकेट गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं. दहा वर्षांची दोन-अ‍ॅक्सल गाडी स्वस्तात मिळते ती म्हणूनच. एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांची) गाडी असेल तर धूर साफ करणारी युरियाची यंत्रणा आणि सेन्सर स्कॅनर लावून तपासा. ते बिघडले की रस्त्यावरच्या मिस्त्रीच्या हातात काही राहत नाही.

इंजिन थंड असतानाच बघायचं. चालू करून ऑइलचं झाकण उघडा. आतून भकाभका वाफ आणि धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मीटर सव्वा लाख दाखवतंय आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. खाली वाकून स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चासीवर बोट फिरवा. ताज्या रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा लागला तर तिथूनच परत फिरा. इंदूरहून मुंबईकडे जाताना मानपूर सोडलं की घाट उतरावा लागतो, तिथे ब्रेक आणि चासीच जीव वाचवतात.

कागद मी सर्वांत शेवटी बघितले होते, ती चूक महागात पडली. जुन्या मालकाची थकलेली चलनं आणि न उतरलेला कर्जाचा बोजा निस्तरायला मला चार महिने लागले, गाडी दारात उभी. म्हणून बयाणा देण्याआधी परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून बोजा, कर, फिटनेस, चलनं बघा. गाडी नावावर करायचे फॉर्म 29, 30 आणि बोजा उतरवायचा बँकेच्या सहीचा फॉर्म 35 हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

भाच्याकडे तोंडी कबूल झालेल्या चार फेऱ्या आहेत. एवढ्या भरवशावर नवीचा हप्ता मी त्याला घेऊ देणार नाही. एकाच मालकाने वापरलेली 2021 ची एक दहाचाकी देवास नाक्याजवळ आहे. रविवारी सकाळी सातला बघायला जाणार आहोत, आणि आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नका, इंजिन थंडच राहू दे, असं मालकाला सांगून ठेवलंय.