गोर्सच आणि रकल्सहाउस: खुर्ची एकच, कारभार दोन

अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेची सूत्रं १९८१ साली अ‍ॅन गोर्सच यांच्याकडे आली. त्यांनी अंदाजपत्रकाला सुमारे २२ टक्के कात्री लावली. प्रदूषण करणाऱ्या उद्योगांवरच्या कारवाया मंदावल्या. विषारी कचऱ्याच्या जागा साफ करणाऱ्या सुपरफंडची कागदपत्रं संसदेनं मागितली, ती त्यांनी दिली नाहीत. डिसेंबर १९८२ मध्ये प्रतिनिधिगृहानं त्यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवला. नकाराचा आदेश अध्यक्ष रेगन यांचा होता, हेही सांगायलाच हवं. मार्च १९८३ मध्ये गोर्सच यांचा राजीनामा.

त्यांच्या जागी विल्यम रकल्सहाउस परतले. संस्थेचे पहिले प्रमुख, १९७२ मध्ये डीडीटी या कीटकनाशकावर बंदी घालणारे. अध्यक्ष तेच, कायदे तेच. पण आपण कुणाला भेटतो, हे त्यांनी लोकांसमोर उघडं ठेवलं. मला ते सरस वाटतात ते यासाठीच, डीडीटीपेक्षाही.