प्रेशर गारमेंट आठ महिने वापरल्यावर: सगळा त्रास जांघेतल्या कडेचा

जूनच्या पहिल्या आठवड्यात, टमी टकला, म्हणजे पोटाची जादा कातडी काढायच्या ऑपरेशनला, एकोणीस आठवडे होत आले असताना, बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात तिसरी फेरी मारताना माझ्या गारमेंटची, म्हणजे ऑपरेशननंतर पोट दाबून धरायला घालायच्या घट्ट कपड्याची, हूक-पट्टी वरून तीन बोटं उसवली. पावसाची भुरभुर होती, ओढणी पुढं घेऊन कशीबशी गाडीपर्यंत आले. घरी येऊन टाके बघितले आणि मग जो राग आला तो अजून गेलेला नाही. ४,२०० रुपयांच्या कपड्याला, जो मुळात ताणण्यासाठीच बनवलाय, सरळ टाका मारलेला. मी वडगावात सोळा वर्षं ब्लाउज शिवते. ताणणाऱ्या कापडाला झिगझॅग टाका लागतो हे माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलीला पहिल्या महिन्यात कळतं. कापड ताणलं की सरळ टाक्याचा दोरा ताणत नाही, तुटतो. एवढं साधं आहे.

कंपनीला फोटो पाठवले, टाक्यावर बोट ठेवून. उत्तर आलं की ही वापरानं झालेली झीज आहे, आणि आतले कपडे परत घेतले जात नाहीत. दुसऱ्यांदा लिहिलं तर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन पाठवलं. मला कूपन नको होतं, माझ्या गारमेंटची हूक-पट्टी नीट करून हवी होती. तक्रार अजून चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. ४,२०० म्हणजे माझ्यासाठी बारा अस्तरवाल्या ब्लाउजची शिलाई. त्या हिशेबानं हे सगळं वाचा.

आता मुख्य गोष्ट. हूक उसवला तो एका दिवसात. जांघेतल्या कडेनं मात्र मला चार महिने छळलं.

गारमेंट घेताना दोन प्रकार होते. एक मांडीपर्यंतचा, ५,१०० चा. दुसरा चड्डीच्या मापाचा, पाय जिथं सुरू होतो तिथं संपणारा. मी दुसरा घेतला, ९०० रुपये वाचवले. पोट तर दोन्हींत सारखंच झाकलं जातं, मांडीचे पैसे कशाला द्यायचे, असा विचार केला. दवाखान्यात कुणी अडवलं नाही. हा विचार चुकला आणि कसा चुकला ते सविस्तर सांगते, कारण घेताना प्रत्येक बाई हाच हिशेब करणार.

टमी टकमध्ये बेंबीखालची जादा कातडी काढतात आणि एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत खाली टाके येतात. माझे दोन सिझेरियननं फाकलेले पोटाचे स्नायूही आतून शिवून जवळ आणले. बेंबीखालच्या कातडीतलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक लसिकावाहिन्या खाली जांघेतल्या लसिकाग्रंथींकडं जातात. टाक्यांची रेघ नेमकी त्या वाटेवर पडते, वाटा कापल्या जातात. नव्या वाटा तयार व्हायला महिने लागतात. तोवर पाणी टाक्यांच्या वरच्या अंगाला साठतं. म्हणून सकाळी पोट सपाट आणि संध्याकाळी तटतटलेलं. ज्यांचं झालंय त्यांना हे सांगायला नको.

आता अशा जागी अर्धा इंच रुंदीचं कडक इलॅस्टिक आणून ठेवा. उभं असताना ते जांघेत बसतं. मशीनवर वाकून बसलं की गुंडाळून दोरी होतं आणि टाक्यांच्या टोकाशी रुततं. शेतात पाणी जायची एकच वाट उरलीय आणि तिच्या तोंडावर कुणी बांध घातलाय, तसं. वर पाणी तुंबणारच. माझ्या दोन्ही बाजूंना टाक्यांच्या टोकाला उशीसारखा फुगवटा यायचा आणि मांडीवर करकोचा.

सगळ्यात वाईट म्हणजे मला ते कळत नव्हतं. बेंबीखाली कातडी बधिर होती, काही भाग अजून आहे. कड रुतल्याचं दुखत नाही. पाचव्या आठवड्यात अंघोळीनंतर आरशात बघितलं तेव्हा उजव्या जांघेत लाल रेघ आणि पाण्याचा फोड. डॉक्टरांनी त्या दिवशी आवाज चढवला. दिवसातून दोनदा काढून कातडी डोळ्यांनी बघायची, हाताच्या भरवशावर राहायचं नाही, हे मला तेव्हा समजलं. बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी तर कधीच नको, भाजलं तरी कळणार नाही. सूज उतरावी म्हणून माझ्या सासूबाई ती पिशवी घेऊन आल्या होत्या, प्रेमानं. मी हात जोडून परत दिली.

सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल थोडक्यात. दुसऱ्या दिवसापासून वाकून वाकून चालवलं, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. आतलं पाणी बाहेर काढायला बसवलेल्या नळ्या काढल्यावर तिसऱ्या आठवड्यात पोटात पाणी डुचमळल्यासारखं वाटलं, डॉक्टरांनी सुईनं काढलं. त्या काळात गारमेंटनं आपलं काम केलं. पोटाला आधार होता, खोकला आला तरी भीती वाटत नव्हती. हे श्रेय त्याला देते. सहा आठवडे भरलेली घागर उचलायची नाही, कापडाचा गठ्ठा उचलायचा नाही. पायानं चालवायचं मशीन बंद केलं आणि मोटर बसवून घेतली.

मी शिंपीण असल्यामुळं एक गोष्ट पहिल्यापासून केली, ती सगळ्यांनी करावी असं मनापासून वाटतं. टेप. उठल्याउठल्या बेंबीवर एक माप, रात्री झोपताना एक माप, टेप सैल नाही आणि ओढलेली नाही, श्वास सोडून. वहीत लिहायचं. ऑपरेशनआधी ४२ इंच होते. सहाव्या आठवड्यात सकाळी ३६, रात्री साडेसदतीस. ही दीड इंचाची तफावत बघून मी रडले होते, सगळा खर्च वाया गेला असं वाटून. डॉक्टर म्हणाले, "रात्रीचं माप कुणाला दाखवू नका. सकाळचं माप आठवड्याला कमी होतंय ना, तेवढं बघा." ते मला फार उपयोगी पडलं.

व्यायाम असा वाढवला. आठव्या आठवड्यापर्यंत फक्त चालणं, वडगावच्या गल्लीतून सुरू करून मग व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत, कारण तिथं सावली आहे आणि जमीन मऊ. चालण्यानं पोटऱ्या आवळतात-सुटतात आणि पायातलं पाणी वर ढकललं जातं, त्यामुळं चालून आल्यावर मला उलट हलकं वाटायचं. नवव्या आठवड्यापासून घरातली सायकल, दहा मिनिटं. बाराव्या आठवड्यानंतर डॉक्टरांनी तपासून पोटाच्या व्यायामाला हो म्हटलं, कारण आतले शिवलेले स्नायू धरलेत का हे बघायचं होतं. आणि पोटाचा व्यायाम सुरू केला त्याच आठवड्यात रात्रीचं माप ३८ वर गेलं. व्यायाम केला की त्या भागात रक्ताचा पुरवठा वाढतो, पाणी जास्त झिरपतं, आणि ते घेऊन जायच्या वाटा अजून अपुऱ्या. मी मात्र सगळा दोष गारमेंटच्या कडेला दिला.

इथपर्यंतचं जूनमध्ये वहीत लिहून ठेवलं होतं, पाचपैकी एक चांदणी द्यायच्या तयारीनं. मग तीन आठवड्यांत माझं मत हललं, म्हणून पुढचं.

हूक उसवल्यावर कंपनीशी भांडण चालू असताना गारमेंट कपाटात होता. तोवर मी तो फक्त व्यायामाला आणि मशीनवर बसताना घालत होते, त्यामुळं डॉक्टर म्हणाले की काही दिवस न घालता बघा. तीन आठवडे वही लिहिली. जांघेतला करकोचा गेला, टाक्यांच्या टोकाचा फुगवटा अर्ध्यावर आला. म्हणजे कडेबद्दल माझं म्हणणं खरं होतं. पण व्यायामाच्या दिवशी रात्रीची सूज? गारमेंट असताना एक इंच वाढायची, नसताना सव्वा इंच. फरक फक्त पावाचा! ज्या सुजेसाठी मी रोज भांडत होते तिचा मोठा भाग कपड्याच्या हातातच नव्हता.

मग कशाच्या हातात होता, ते वडगावच्या मंगाईच्या जत्रेनं दाखवलं. आषाढात आमच्या घरी पंचवीस पाहुणे. दिवसभर उभी, चूल आणि वाढणं, त्या दोन दिवसांत व्यायाम शून्य. तरी रात्री माप ३७, सकाळीही पावणेसदतीस, उतरलंच नाही. मटणाचा रस्सा, खर्डा, लोणचं, तळलेले पापड. पापडात मीठ असतंच, वर पापडखारही सोडियमचाच. मीठ पाणी धरून ठेवतं हे माहीत होतं, पण टेपवर बघितल्याशिवाय पटलं नव्हतं. त्यानंतर पंधरा दिवस लोणचं-पापड बंद, आमटीत मीठ निम्मं, पाणी नेहमीसारखं भरपूर. सकाळचं माप ३५ वर आलं. आमचे हे म्हणाले आमटी पाणचट लागते. मी त्यांना वाटीत वेगळं मीठ ठेवलं.

माझा नियम आता असा आहे आणि डॉक्टरांना तो मान्य आहे: रात्री एक इंचापर्यंत वाढलं आणि सकाळी उतरलं तर व्यायाम तेवढाच चालू. सकाळीही उतरलं नाही तर दोन दिवस फक्त चालणं. एक आठवडा नीट गेला तर पाच मिनिटं वाढवायची. सूर्यनमस्कार दोनावरून सहावर असे आले. आणि हे वेगळं लक्षात ठेवा, ही रोजची सूज नव्हे: एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं, ताप, लालसर गरम कातडी, एकाच बाजूला अचानक फुगणं, पाणी डुचमळणं. त्यात टेप काढत बसायचं नाही, लगेच दवाखाना.

गारमेंटचं पुढं काय केलं ते. डॉक्टरांना विचारून मी स्वतः दुरुस्त केला. खडेबाजारातून तयार हूक-पट्टी आणली, जुनी उसवून झिगझॅगनं बसवली. जांघेतलं अर्ध्या इंचाचं इलॅस्टिक काढून टाकलं आणि दोन इंच रुंद मऊ पट्टी सपाट जोडली, जोडाची शिवण बाहेरच्या बाजूला, कातडीला काही टोचणार नाही अशी. सामान १४० रुपयांचं, काम दीड तासाचं. आता तासभर मशीनवर बसले तरी कड गुंडाळत नाही. जे काम मी १४० रुपयांत केलं ते हजारो रुपये घेणाऱ्यांनी का करू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आणखी एक त्रास, बेळगावात राहणाऱ्यांसाठी. जुलैच्या पावसात हा कपडा दोन दिवस वाळत नाही. ओला घातला तर जांघेत खाज आणि पुरळ येतं, इस्त्री केली तर इलॅस्टिक मरतं. टॉवेलात गुंडाळून पिळायचा आणि पंख्याखाली टाकायचा. पावसाळ्यात ऑपरेशन असेल तर दोन लागतीलच. पण दोन्ही एकदम घेऊ नका. सहा आठवड्यांनी माप उतरतं आणि पहिला सैल होतो, तेव्हा टेप लावून दुसरा लहान मापाचा घ्यायचा. मी फक्त एकच घेतला आणि हुकांच्या तिसऱ्या ओळीवर भागवलं, ती ओळ ओढून ओढूनच टाके कमजोर झाले असणार. हे मी कंपनीच्या बाजूनंही लिहिते, कारण ते खरं आहे.

चांदण्या तीन. पहिल्या आठ आठवड्यांसाठी चार दिल्या असत्या, कडेसाठी एकही नाही. मांडीपर्यंतचा घ्या, ते ९०० रुपये घाला.

गणपती विसर्जनाला रात्रभर कपिलेश्वर तलावाच्या वाटेवर उभी होते, दुरुस्त केलेला गारमेंट घालून. शेजारच्या काकी म्हणाल्या, "काय ओ वैनी, अजून तो पट्टा बांधतीयास?" हो म्हटलं. सकाळी घरी येऊन माप घेतलं, ३६. झोपून उठले, साडेपस्तीस. तिसऱ्या दिवशी साडेचौतीस, जे आता माझं रोजचं सकाळचं माप आहे.

खानापूरच्या माझ्या मावसबहिणीचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. तिनं माझा गारमेंट मागितला. वापरलेलं इलॅस्टिक पुन्हा तो दाब देत नाही आणि तिचं मापही वेगळं, म्हणून नाही म्हटलं. नवीन आण, मांडीपर्यंतचा आण, आणि घालायच्या आधी माझ्याकडं घेऊन ये म्हटलं. मऊ पट्टी आणि झिगझॅगचा दोरा काढून ठेवलाय. उद्या ती मुक्कामाला येतेय, परवा सकाळी उठल्याउठल्या तिचं पहिलं माप घेणार.