कोलोराडोत रँच घेताय? आधी पाण्याचे कागद मागा

डेन्व्हर आणि आसपासच्या मराठी घरांत सध्या डोंगरात जमीन घेण्याचा विषय बराच निघतो, म्हणून हे लिहिते आहे. मी, माझे यजमान आणि मोठे भाऊजी, आम्ही मिळून साऊथ पार्कमध्ये एका जुन्या रँचचा 35 एकरांचा तुकडा घेतला आणि त्यात आम्हाला ठरवून फसवण्यात आलं. एजंट आणि विक्रेता यांची नावं देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण त्यांनी हे कसं केलं, ते सगळ्यांना कळायला हवं.

साऊथ पार्क म्हणजे रॉकी पर्वतात नऊ-दहा हजार फुटांवर पसरलेलं गवताळ पठार. पश्चिमेला मॉस्किटोची रांग, तिच्या माथ्यावर जूनमध्येही बर्फ. आमच्या तुकड्यावर ओंडक्यांची दोन घरं, गवत साठवायचं एक जुनं कोठार, दिवसा कुंपणापलीकडे चरणारी प्राँगहॉर्न हरणं आणि संध्याकाळी झाडीतून उतरणारा एल्क या मोठ्या हरणांचा कळप. हे सगळं खरं होतं आणि आजही आहे. फसवणूक झाली ती पाण्यात.

आम्ही जमीन पाहायला गेलो तेव्हा कुरणाच्या मधोमध पाट खळाळत होता. भाऊजी निफाडचे, द्राक्षबागेत वाढलेले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "हे पाणी कुणाचं?" एजंट म्हणाला, "रँचचंच. शंभर वर्षांहून जुना हक्क आहे, जमिनीबरोबर तुम्हाला मिळेल." पाटाच्या तोंडाशी लोखंडी दार होतं, वर ते उघडायचं चाक आणि चाकाला साखळी घालून जाडजूड कुलूप. थोडं खाली पाणी मोजायची काँक्रीटची निमुळती मोरी होती, इथे तिला पार्शल फ्लूम म्हणतात, आणि तिच्या आतल्या बाजूला आकड्यांची पांढरी पट्टी. भाऊजींनी कुलुपाबद्दल विचारलं. "येणारी-जाणारी पोरं चाक फिरवून ठेवतात, म्हणून आम्हीच लावलंय," असं विक्रेत्याने तोंडावर सांगितलं.

ते कुलूप राज्य सरकारच्या वॉटर कमिशनरचं, म्हणजे पाणीवाटपावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं होतं. पाटातलं पाणी आमच्या जमिनीतून नुसतं पुढे जात होतं. त्याचा मालक खालच्या अंगाचा शेजारी.

कोलोराडोत जमीन आणि पाणी या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. ज्याने आधी पाणी वापरात आणलं त्याचा हक्क आधी, हे तत्त्व राज्याच्या 1876 च्या घटनेतच आहे. तो हक्क जमिनीपासून तोडून विकता येतो. वाढत्या शहरांना पाणी लागलं तेव्हा त्यांनी साऊथ पार्कमधल्या कित्येक रँचचे हक्क विकत घेतले. ऑरोरा शहराने तर 1981 साली स्पिनी माउंटन धरणही इथेच पुरं केलं. आमच्या रँचचा हक्कही कैक वर्षांपूर्वी एका शहराला विकला गेला होता. पाणी न्यायालयाने शेतीचा वापर बदलून शहराचा करून दिला होता आणि त्या बदल्यात आमचं कुरण पुन्हा कधीही भिजवायचं नाही, असा करार जमिनीवर नोंदवला होता. म्हणजे नुसतं पाणी नव्हतं एवढंच नाही, त्या पाण्याने ते कुरण भिजवायला मनाई होती!

दुसऱ्या वसंतात भाऊजी दार उघडून मागायला गेले, तेव्हा कमिशनरने हे सगळं शांतपणे, नकाशा समोर ठेवून सांगितलं. आणि वर हेही सांगितलं की आमच्या विक्रेत्याने आदल्याच वर्षी त्यांच्याकडे हीच मागणी केली होती आणि त्याला हेच उत्तर मिळालं होतं. त्यामुळे "मला कल्पना नव्हती" असं आता तो लेखी म्हणतो आहे, ते धादांत खोटं आहे.

कागद कसे केले होते पाहा. जमिनीचं खरेदीखत पूर्ण हमीचं. पाण्यासाठी मात्र वेगळं क्विटक्लेम खत, म्हणजे "माझा काही हक्क असला तर तो तुम्हाला दिला", हमी शून्य. आम्ही विचारलं तर एजंट म्हणाला की इथे अशीच रीत आहे. टायटल विम्याचा, म्हणजे मालकीहक्कात दोष निघाला तर भरपाई देणाऱ्या विम्याचा, उपयोग नाही, कारण पाण्याचे हक्क त्यातून सहसा वगळलेलेच असतात. तो मनाईचा करार त्या विम्याच्या अपवादांच्या लांबलचक यादीत होता, पण फक्त एका नोंदणी क्रमांकाच्या रूपात.

आपल्याकडे सातबारा काढला की पीक, विहीर, बोजा बरंचसं एका जागी दिसतं. इथे जमिनीचे कागद काउंटीत, आमच्या साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्याचे पाण्याचे निवाडे ग्रीलीच्या पाणी न्यायालयात आणि विहिरीचे परवाने राज्य अभियंत्याकडे. या तीन कचेऱ्यांच्या मधल्या फटीत असले लोक धंदा करतात. 35 एकर असल्यामुळे घरगुती विहिरीचा परवाना मिळतो, तीन घरं, जनावरं आणि एक एकर बाग एवढं त्यावर भागतं. पण गवताचं पीक गेलं. शेतीचा वापर नाही म्हणून शेतीचा कमी करही गेला, जो कायम राहील असं आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं.

एल्कच्या शिकारीचे परवाने जमिनीसोबत मिळतात, हेही असंच. दुसरं घर हंगामात शिकाऱ्यांना भाड्याने द्यायचा आमचा हिशेब त्यावर होता. राज्याच्या ज्या योजनेत जमीनमालकांना सोडतीत प्राधान्य असतं, तिला सलग 160 एकर लागतात. पस्तीस एकरवाल्याला ही थाप मारणं म्हणजे शुद्ध लबाडी.

मला राग पैशांपेक्षा याचा येतो की भाऊजींनी नेमका तोच प्रश्न, अगदी पहिल्या क्षणी विचारला होता आणि वाहत्या पाण्याकडे बोट दाखवून त्यांना उत्तर दिलं गेलं.

तेव्हा इसाराची रक्कम देण्याआधी त्या भागातल्या वॉटर कमिशनरला फोन करा. ते सरकारी कर्मचारी असतात, चौकशीचे पैसे घेत नाहीत. पाटाचं नाव सांगा आणि या जमिनीच्या नावे काय आहे ते विचारा. विक्रेत्याकडे पाणी न्यायालयाच्या निवाड्याचा खटला क्रमांक मागा आणि अपवादांच्या यादीतला प्रत्येक कागद काउंटीतून काढून पाण्याच्या वकिलाला दाखवा. हा वकील वेगळा असतो, घराचे व्यवहार करणारा चालत नाही. पाण्याचं खतही हमीचंच हवं असं स्पष्ट सांगा. त्यावर विक्रेता का-कू करू लागला तर उठून या.

आमच्या शेजारचा, त्याच रँचचा तुकडा सध्या विक्रीला आहे. जाहिरातीत पाट आहे, एल्क आहेत, "ऐतिहासिक पाणी" असंही लिहिलं आहे. तुमच्यापैकी कुणी तो पाहायला जाणार असेल तर आमच्याकडचे सगळे कागद, निवाड्याच्या प्रतीसकट, मी पाठवायला तयार आहे.