वर्गणी, गाळे की अभ्यासिका? वाचनालयाच्या सभेत हात वर करण्याआधी

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा पुढच्या रविवारी आहे. विषयपत्रिकेवर विषय क्रमांक ५ : 'उत्पन्नवाढीबाबत निर्णय घेणे.' एरवी या सभेला पंधरा माणसं आणि चहा. गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी त्याच माणसांची पुन्हा सभा. यंदा मात्र तीन ठराव आलेत आणि मतदान होणार. बऱ्याच शासनमान्य वाचनालयांत आज ना उद्या हाच विषय निघणार, म्हणून तिन्ही ठराव शेजारी शेजारी ठेवून बघतोय.

'सरकार देतंय ना अनुदान?' असं विचारणारे सभासद दरवर्षी भेटतात. देतं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली आपल्याला मान्यता आहे, पण वाचनालय चालवायचं संस्थेनेच. अनुदान वाचनालयाच्या वर्गावर ठरतं, आमचं तालुका 'ब' वर्गाचं. अनुदान वर्षाला २,८८,००० होतं, ते ६० टक्के वाढीनंतर ४,६०,८०० झालं. त्यातलं साधारण निम्मं पगारात जातं. माणसं तीन. भागाकार केला तर प्रत्येकाला महिन्याला ६,४०० रुपये. तेही हप्त्यांनी. ग्रंथपालबाई मस्टरवर सही रोज करतात, पगार हप्ता जमा झाला की घेतात. तेव्हा माझा पहिला प्रश्न किती पैसे येतील हा नाही, किती तारखेला येतील हा आहे.

उपकराचा मुद्दाही सभेत निघेलच, कारण एक सभासद बेळगावहून आलेत. कर्नाटकात मालमत्ता करावर ६ टक्के ग्रंथालय उपकर आहे, केरळात ५ टक्के. गोव्याने १९९३ च्या कायद्यात दारू-बिअरवर अधिभाराची सोय केली. (वाचणारे आणि पिणारे एकाच हिशेबात, हे मला मनापासून आवडतं.) अमेरिकेत ओहायोसारख्या राज्यात तर ग्रंथालयासाठीचा मालमत्ता कर थेट मतपत्रिकेवर येतो. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकराची तरतूदच नाही, त्यामुळे आपल्या सभेने तसा ठराव केला तरी तो इतिवृत्तात राहील. शिवाय बंगळूरमध्ये घरपट्टीसोबत गोळा झालेला उपकर ग्रंथालयांकडे न पोचता वर्षानुवर्षं थकलाय. कर बसला म्हणजे पैसे आले असं नसतं.

पहिला ठराव वर्गणीचा : महिना ५० वरून १००. चारशे सभासद धरले तर वर्षाला २,४०,००० जास्त. कागदावर झकास. पण आमच्याकडे एक कार्ड म्हणजे एक घर असतं. आजोबांच्या कार्डावर नात गोष्टीची पुस्तकं नेते, सून दिवाळी अंकांची वाट बघते. दुप्पट वर्गणी झाली की कार्ड बंद होतं ते आजोबांचं, पण पुस्तकं तिघांची सुटतात. आणि वर्ग टिकवायला सभासदसंख्या लागते. ती घसरली तर वर्गणीत कमावलेलं अनुदानात गमावू. २०१२ नंतर कित्येक वर्षं वर्गवाढ, म्हणजे वरच्या वर्गात जाणं, बंद होती, त्यामुळे एकदा खाली आलं तर परत वर चढू या भरवशावर राहू नका. 'अनामत वाढवा' म्हणणाऱ्यांनाही एक सांगणं : अनामत हे उत्पन्न नाही, देणं आहे. सभासद गेला की परत करायची असते.

दुसरा ठराव तळमजल्यावर गाळे काढून भाड्याने द्यायचा. याला सर्वांत जास्त टाळ्या पडतील, कारण पागडीवजा मोठी रक्कम एकदम दिसते. वाचनालय सार्वजनिक न्यास आहे. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि कुठला दुकानदार तीन वर्षांसाठी फर्निचर करेल? बरं, तळमजला दिला तर पुस्तकं वर जाणार. जुनी इमारत, लोखंडी रॅक, हजारो पुस्तकांचं वजन. स्लॅब बघायला इंजिनिअर आणलाय का, हे कुणीतरी विचारा. आणि सकाळी सातला काठी टेकत पेपर वाचायला येणारे चौघे-पाच जण जिना चढणार नाहीत, ते सरळ चहाच्या टपरीवर बसतील.

तिसरा ठराव अभ्यासिकेचा. वरचा हॉल, चाळीस खुर्च्या, माणशी महिना ६००. भरली तर महिन्याला २४,०००, वर्षाला २,८८,०००. आपल्या जुन्या अनुदानाइतकी बरोबर! पण बारा महिने भरत नाही. परीक्षा झाली, भरतीची यादी लागली की निम्मी मुलं गावी जातात. आठ महिन्यांचेच पैसे धरा, १,९२,०००. त्यातून वीज, पाणी, इंटरनेट आणि पहाटे सहाला कुलूप काढणारा माणूस वजा करा. मुलींसाठी स्वच्छतागृह हवंच. ते नसेल तर अभ्यासिका फक्त मुलांची होते, हे मी शेजारच्या तालुक्यात पाहिलंय. तक्रार अशी की ही मुलं आपली पुस्तकं घेत नाहीत, परीक्षेच्या तयारीचे स्वतःचे ठोकळे घेऊन येतात. खरं आहे. पण फी पाच तारखेच्या आत रोख देतात, आणि त्या पैशातून बाईंचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो.

कायम ठेवीचं तोंडी सुचवलं गेलंय. दहा लाख जमले तरी ७ टक्क्यांनी वर्षाला ७०,००० च. चांगलं आहे, पण दहा लाख आधी जमू देत.

माझं मत अभ्यासिकेला, सोबत वर्गणी ५० वरून ७० आणि बालविभाग आहे तसाच. गाळ्यांना विरोध. तुमचं वाचनालय बाजारपेठेत असेल आणि मागे मोकळी जागा असेल तर गाळ्यांचा हिशेब वेगळा निघेल. तिथे निदान तळमजला वाचतो. मत देण्याआधी सचिवांकडे दोन वह्या मागा : पगारपत्रक आणि गेल्या तीन वर्षांची सभासद नोंदवही. आमच्याकडे त्या ग्रंथपालबाईंच्या टेबलाच्या डावीकडच्या खणात असतात. मागितल्या की देतात, फक्त आजवर कुणी मागितल्या नव्हत्या.