फ्लाइट लेट, म्हणून चार्टर? मुंबईहून किंग एअर बी-200

बोर्डवर ‘विलंब’ झळकला की चार्टरवाल्याला, म्हणजे अख्खं विमान भाड्याने देणाऱ्याला, फोन लावणारे वाढलेत. त्याआधी एक प्रश्न विचारावा: फ्लाइट नेमकी कशामुळे लेट आहे? विमान आधीच्या फेरीतून उशिरा येतंय, वैमानिकांचे ड्युटीचे तास संपलेत किंवा तांत्रिक बिघाड आहे, तर चार्टरचा खरा उपयोग. मुंबईत धो धो पाऊस असेल किंवा दिल्लीत धुकं, तर तुमचं विमानही त्याच रांगेत. धुक्यात तर ते मागेच राहण्याची शक्यता जास्त. दिल्लीला एअरलाइनची विमानं कॅट-3 पद्धतीने (यंत्रांच्या आधाराने उतरण्याची सगळ्यात वरची श्रेणी) 50 मीटर दृश्यमानतेतही उतरू शकतात. चार्टरची टर्बोप्रॉप (टर्बाइनवर फिरणाऱ्या पंख्यांची विमानं) सहसा सगळ्यात खालच्या कॅट-1 वर चालतात, म्हणजे धावपट्टीवर 550 मीटर दिसलं पाहिजे.

दुसरी अडचण मुंबई विमानतळाचीच. फेब्रुवारी 2024 च्या आदेशाने गर्दीच्या वेळी खासगी विमानांवर निर्बंध आले: सकाळी 8 ते 11, संध्याकाळी 5 ते 8, रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा. दिवसाचे आठ तास गेले, तेही नेमके सगळ्यांना हवे असलेले. अशा वेळा बदलत राहतात. म्हणून दलालाने ‘सकाळी 9 ला निघू’ म्हटलं तर आधी स्लॉट, म्हणजे विमानतळाने दिलेली उड्डाणाची वेळ, हातात आहे का ते विचारा.

आता विमानाबद्दल. किंग एअर बी-200 या छोट्या चार्टर विमानाला दोन पीटी-6 टर्बोप्रॉप इंजिनं, कमाल उड्डाणवजन 5,670 किलो, वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास. मुंबई-नागपूर हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर, म्हणजे दीड तासाच्या आसपास. जेट एअरलाइनलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे हवेत काहीच वाचत नाही. वाचतो तो दोन्ही टोकांना: कालिन्याच्या बाजूच्या जनरल एव्हिएशन (खासगी आणि चार्टर विमानांच्या) टर्मिनलवर अर्धा तास आधी पोचलं तरी चालतं, सुरक्षा तपासणी मात्र तिथेही होते, आणि उतरल्यावर बॅगांच्या पट्ट्यापाशी ताटकळावं लागत नाही.

केबिनची उंची जेमतेम 145 सेंटिमीटर, म्हणजे वाकूनच चालायचं. टॉयलेट बहुतेकदा मागच्या बाजूला, पडद्याआड. तिथल्या सीटवर ज्या पाहुण्याला बसवणार, त्याला आधी सांगून ठेवलेलं बरं. सात जण आणि पूर्ण टाकी हे गणित प्रत्येक वेळी जमत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 वर गेला की हवा विरळ होते, इंजिनाची ताकदही उतरते आणि वैमानिक वजन कमी करायला सांगतो. म्हणून बुकिंगच्या वेळी प्रत्येकाचं खरं वजन द्या, लाजून पाच किलो कमी सांगू नका. सामान मऊ बॅगांत भरा. कडक मोठ्या सूटकेस मागच्या जागेत नीट बसत नाहीत.

पैशांत लोक फसतात ते परतीच्या फेरीला. हिशोबासाठी तासाला 1 लाख धरू. त्याच दिवशी नागपूरहून परत आलात तर तीन तासांचे 3 लाख आणि 18 टक्के जीएसटी, मिळून 3.54 लाख, सात जणांत माणशी पन्नास हजारांच्या वर. मुक्काम केलात आणि विमान रिकामं मुंबईला परतून पुन्हा न्यायला आलं, तर चार फेऱ्यांचे सहा तास, 7.08 लाख. लँडिंग, पार्किंग, हँडलिंग, थांबण्याचं भाडं, वैमानिकांचा मुक्काम हे वेगळं. विमानाचा तळ मुंबईत नसेल तर तिथून इथे येण्याचं भाडंही तुमच्याच बिलात. कोटेशनमध्ये यातली प्रत्येक ओळ स्वतंत्र मागा. ‘सगळं धरून’ या शब्दावर विसंबू नका. किमान तासांची अट आणि रद्द केल्यास किती कापणार, हेही लेखी घ्या.

कागदांत मात्र तडजोड नको. ऑपरेटरकडे डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था) नॉन-शेड्यूल्ड, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय भाड्याने विमान चालवण्याचा, परवाना हवा आणि व्हीटीने सुरू होणारा तुमच्या विमानाचा नोंदणी क्रमांक त्या परवान्यावर हवा. कुणा उद्योगपतीचं स्वतःच्या वापराचं विमान ‘खर्चापुरतं’ मिळतंय म्हणून घेतलं, तर ते बेकायदा भाडं ठरतं आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. दोन वैमानिक असतील ना, हेही विचारा. हवामानापुढे घाई करू नये: 14 सप्टेंबर 2023 ला मुसळधार पावसात मुंबईत उतरताना लीअरजेट 45 कोसळलं. आठही जण वाचले, हे नशीब.

तिकीट मात्र लगेच फेकू नका. एअरलाइनचा उशीर सहा तासांवर जाणार असेल तर डीजीसीएच्या नियमानुसार पर्यायी फ्लाइट किंवा पूर्ण परतावा मागता येतो. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांचा उशीर झाला की खाणंपिणं देणं बंधनकारक. चार्टरला असं काही नाही, जे करारात लिहिलं तेवढंच.

चार्टरचा खरा फायदा दिसतो तो जिथे थेट फ्लाइटच नाही तिथे. पण जिल्ह्यातल्या बऱ्याच धावपट्ट्यांवर रात्रीचे दिवे नसतात. दुपारी चारला काम संपवून निघायचं ठरवलं आणि बैठक लांबली, तर सूर्यास्तानंतर विमान जागचं हलत नाही, आणि त्या रात्रीचं भाडं तुम्हीच भरता.