कागद खरा, पिशवी खोटी

मी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली निम्मी काउंटरमागे, चेकवरची सही नमुना सहीशी ताडून बघण्यात गेली. 'र'ची शेपटी जरा लांबली तरी चेक परत करणारा माणूस, अशी माझी ख्याती होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून "काका, जरा बघून घ्यायचं ना" असं तुमच्या तोंडावर येईल. आमच्या घरात ते रोज चहाबरोबर म्हटलं जातं.

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे. ७२ फ्लॅट. निवृत्त झालो त्याच वर्षी सर्वसाधारण सभेत कोणीतरी "काका बँकेतले आहेत" म्हणालं आणि खजिनदारकी गळ्यात पडली. मागच्या बाजूला ओल्या कचऱ्याचं खत करायला विटांचे दोन खड्डे आहेत. रोज सरासरी शंभर किलोच्या वर कचरा होत असेल तर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, असा २०१६ चा केंद्राचा नियम होता. आम्ही त्या आकड्याच्या काठावर. पण खत चांगलं व्हायचं आणि माळीकाकांना त्याचा अभिमान होता, म्हणून खड्डे चालू राहिले.

अडचण एकच होती. लोक ओला कचरा देतात तो दुधाच्या पिशवीत, ब्रेडच्या कागदात, काय हाताला येईल त्यात. कचऱ्याच्या मावशी एकेक पिशवी फोडून रिकामी करायच्या. एकदा त्यांच्या बोटात फुटक्या बरणीची काच गेली. त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये ठरलं की सोसायटीनेच सगळ्यांना कंपोस्टेबल पिशव्या द्यायच्या. कचऱ्यासकट खड्ड्यात टाकायच्या, पिशवीचंही खत होईल.

चौकशी केली तर किलोला ३००-३१० च्या खाली कोणी बोलेना. तेवढ्यात कमिट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून एका पुरवठादाराचा नंबर मिळाला. गृहस्थ स्कूटरवर आले. चाळिशीचे, शांत, मराठी स्वच्छ. दर सांगितला २६०. मी भुवई उचलली तर म्हणाले, "साहेब, माझ्या शब्दावर जाऊ नका. एक किलो घ्या, तुमच्याच खड्ड्यात पुरा, दोन महिन्यांनी बघा. पटलं तर फोन करा."

असं बोलणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल?

मोबाइलवर त्यांनी प्रमाणपत्र पाठवलं, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, परराज्यातल्या एका उत्पादकाच्या नावाचं. "आम्ही त्यांचे इकडचे डिस्ट्रिब्युटर." मी मंडळाच्या वेबसाइटवरची प्रमाणित उत्पादकांची यादी उघडली, नाव शोधलं, क्रमांक अंकन् अंक जुळवला. बरोबर निघाला. तो बरोबरच होता, ही त्यातली मेख.

मे महिन्यात एक किलो घेतला. कॅशियरचा अंगठा स्वस्थ बसत नाही, मोजल्या: १९ बाय २१ इंचाच्या ७८ पिशव्या. मऊ, किंचित दुधी, चुरगळल्या तरी आवाज दबका. बारा पिशव्या कचरा भरून एका खड्ड्याच्या कोपऱ्यात पुरल्या आणि वर खुणेची काठी रोवली. नऊ आठवड्यांनी माळीकाकांनी उकरलं. पिशव्यांच्या जागी बोटांनी विस्कटणाऱ्या चिंध्या होत्या, काही तर सापडल्याच नाहीत. मी फोटो काढून ग्रुपवर टाकले. सत्तावीस अंगठे आले. चार पिशव्या मी घरी टेबलाच्या खणात जपून ठेवल्या. नमुना सही जपायची जुनी सवय, दुसरं काय.

८० किलोची ऑर्डर दिली. २६० प्रमाणे २०,८००. निम्मे आगाऊ, निम्मे माल आल्यावर. टेम्पो आला तो गणपतीच्या आदल्या संध्याकाळी. खाली मंडपाचं काम चालू, वर्गणीची पावतीपुस्तकं माझ्याच हातात. तशातही मी एक बंडल फोडलं, हिरवा छाप बघितला. 'कंपोस्टेबल' हा शब्द, आयएस १७०८८ हा मानकाचा क्रमांक, उत्पादकाचं नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक. सगळं जिथल्या तिथे. एका किलोच्या पिशव्या मोजल्या. १०२ भरल्या.

आणि मला आनंद झाला! किलोमागे २४ पिशव्या जास्त. मीटिंगमध्ये मी हे कॉलर ताठ करून सांगितलं की बघा, तीन महिन्यांचा माल चार महिने पुरणार. उरलेले १०,४०० त्याच संध्याकाळी पाठवून दिले.

खणातल्या चार पिशव्या खणातच राहिल्या. नमुना सही घ्यायची आणि चेक आला की ताडून बघायची, एवढंच तर जन्मभर केलं होतं. इथे चेक आला आणि मी पैसे मोजून दिले.

डिसेंबरच्या मध्यावर माळीकाका खत चाळायला बसले. मला वर फोन आला, "साहेब, जरा खाली या." चाळणीत जे अडकलं होतं ते मी आजवर विसरलेलो नाही. हिरव्या अक्षरांचे तुकडे. एकावर 'कंपो', एकावर 'टेबल'. बऱ्याच पिशव्या तर अख्ख्या, आत खताचा गोळा धरून बसलेल्या. काकांनी एक नळाखाली धरली, झटकली आणि माझ्या हातात दिली. पुन्हा वापरता आली असती इतकी धडधाकट. बारीक तुकडे खतात असे कालवले गेले होते की चाळून निघेनात. दोन्ही खड्ड्यांतलं खत बागेतल्या मातीत घालायच्या लायकीचं उरलं नाही. मावशींनी तीन महिने वाकून घातलेला कचरा होता तो. काकांनी मला एक शब्द लावला नाही, त्याचंच जास्त लागलं.

पुरवठादाराला फोन केला. पहिल्या फोनला उत्तर तयार होतं: "साहेब, ह्या पिशव्या ५८ अंश तापमानाला कुजतात. तुमचा खड्डा तेवढा तापत नसणार." हे उत्तर अर्धं खरं आहे, म्हणूनच सांगतो. मानकातली चाचणी ५८ अंशांच्या आसपासच घेतात. पिशवीतला ९० टक्के कार्बन १८० दिवसांच्या आत कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा, अशी अट आहे. घरच्या कुंडीत किंवा थंड पडलेल्या खड्ड्यात खरी कंपोस्टेबल पिशवीही रेंगाळते. मी फोन ठेवला आणि क्षणभर आमच्याच खड्ड्यावर संशय घेतला.

आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका राहतात. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "तोच खड्डा ना? मग मे महिन्यातल्या कशा कुजल्या?" आणि, "त्यातली एखादी उरलीय का?"

खण उघडला.

त्यांच्या ओट्यावर दोन पातेल्यांत पाणी घेतलं, भांडी घासायच्या लिक्विडचा एकेक थेंब टाकला. नमुन्याच्या पिशवीचा आणि लॉटच्या पिशवीचा नखाएवढा तुकडा कापला. बोटांनी पाण्याखाली चोळून त्याला चिकटलेले बुडबुडे काढले आणि सोडून दिला. नमुन्याचा तुकडा डुलत डुलत तळाला गेला. लॉटचा तुकडा वर आला आणि तरंगत राहिला. पुन्हा दाबला, पुन्हा वर.

बाईंनी समजावलं ते असं. अशा पिशव्या बहुतेक वेळा पीबीएटी आणि पीएलए या कुजणाऱ्या प्लास्टिकांच्या असतात, कधी त्यात स्टार्चही असतो. त्यांची घनता पाण्याहून जास्त, साधारण १.२५. साधं पॉलिथिन ०.९२ ते ०.९६, म्हणजे पाण्याहून हलकं. तरंगलेली पिशवी कंपोस्टेबल नाही, हे जवळपास पक्कं. उलट मात्र खरं धरू नका. पॉलिथिनमध्ये खडूची भुकटी भरपूर घातली तर तेही बुडतं, तेव्हा बुडली म्हणून पास असं नाही. त्यांच्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी दोन्ही तुकडे डायक्लोरोमिथेन या द्रावकातही टाकून बघितले. नमुना विरघळून चिकट झाला, लॉटचा तुकडा जसाच्या तसा. हे घरी करू नका, त्या द्रवाची वाफ घातक असते.

मग मला माझा आनंद आठवला. आकार तोच, जाडी तीच, आणि किलोमागे ७८ च्या जागी १०२. पिशवी हलकी म्हणून किलोत जास्त बसल्या. पुरावा माझ्याच अंगठ्याने मोजला होता आणि मी त्याला फायदा समजून मीटिंगच्या वृत्तात लिहून मोकळा झालो होतो.

प्रमाणपत्रावरच्या उत्पादकाला ईमेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं: ठाण्यात आमचा असा कोणी डिस्ट्रिब्युटर नाही, पाठवलेल्या फोटोतला छाप आमचा नाही. नमुन्याचा किलो खरा कुठून आणला, देव जाणे. बहुधा कोणाकडून तरी रीतसर विकत घेतला असेल. एक किलो खरा माल आणि दुसऱ्याचं खरं प्रमाणपत्र एवढ्या भांडवलावर ८० किलो खोटा माल खपला. प्लास्टिकचे दाणे बनवणारा, ते वितळवून फुग्यासारखे फुगवून पिशवी करणारा, छापणारा, विकणारा, अशा चार-पाच हातांतून पिशवी येते. मी पहिल्या हाताचा कागद बघितला आणि शेवटच्या हाताला पैसे दिले. मधल्यांना विचारायचं सुचलंच नाही. तो ईमेल ऑर्डरच्या आधी करायला मला दहा मिनिटं लागली असती.

बिलाचं तर सांगायलाही लाज वाटते. तक्रारअर्ज लिहायला बसलो तेव्हा नीट वाचलं. मालाचं वर्णन: 'पॅकिंग मटेरियल'. कंपोस्टेबल हा शब्दच नाही. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली दिसली. हा क्रमांक कोणालाही फुकट तपासता येतो. मी यादीतलं प्रमाणपत्र तपासलं कारण ते भारदस्त वाटलं, आणि हातातलं बिल तसंच फाइलला लावलं.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या फोननंतर नंबर बंद. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वागळे इस्टेटच्या कार्यालयात दोन्ही पिशव्यांचे नमुने जोडून तक्रार दिली, कारण खोटं 'कंपोस्टेबल' छापणं हा विषय त्यांच्याही अखत्यारीतला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली. सोसायटीला ग्राहक म्हणून तक्रार करता येते का, अशी शंका कमिटीत निघाली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'व्यक्ती'च्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या नावाने केलेल्या फसव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. 'पर्यावरणपूरक', 'हरित' असले शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. पैसे मात्र अजून आलेले नाहीत.

आता मी करतो काय, तर प्रत्येक खेपेतला एक किलो मोजतो आणि पिशव्या नमुन्यापेक्षा जास्त भरल्या तर आनंद न मानता घाबरतो. तुकडा पाण्यात टाकतो. उत्पादकाला स्वतः फोन करून विचारतो की अमुक बॅच अमुक माणसाला दिली का, आणि फोन नंबर विक्रेत्याकडून घेत नाही, वेबसाइटवरून घेतो. बिलावर 'कंपोस्टेबल' आणि मानकाचा क्रमांक लिहिल्याशिवाय सही करत नाही. 'कंपोस्टेबल' आणि 'बायोडिग्रेडेबल' हे दोन शब्द कोणी आलटून पालटून वापरायला लागलं की कान टवकारतो; पहिल्याला मानकाची मुदत असते, दुसरा नुसतं 'कधीतरी कुजेल' एवढंच सांगतो. आमचे गृहस्थ पहिल्या भेटीतच तसं बोलत होते, मला ते आत्ता आठवतंय. दुसरा हप्ता माल तपासून आठ दिवसांनी. हे ऐकून दोन विक्रेते परत आलेच नाहीत. तिसरा आला, किलोला ३२०.

सोळा किलोच्या आसपास माल अजून पंपरूममध्ये पडून आहे. पुराव्याला दहा-वीस पिशव्या बाजूला काढल्या आणि बाकीच्या भंगारवाल्याला द्यायच्या ठरवल्या. शेवटी पॉलिथिनच ते, वितळवून काहीतरी होईल. त्याने एक पिशवी उलगडली, छाप वाचला आणि घडी करून परत दिली.

"साहेब, यावर कंपोस्टेबल लिहिलंय. हा माल आम्ही घेत नाही, आमचा सगळा लॉट खराब होतो."

मी सांगितलं, अरे बाबा, हे खोटं आहे, हे साधं प्लास्टिकच आहे.

तो हसला. "कागद आहे का तसा?"