कार्ब क्लीनर स्प्रे: जुन्या स्प्लेंडरवर कुठे कामाचा, कुठे वाया

जुनी गाडी मिसिंग करायला लागली, सकाळी दहा किका मागायला लागली किंवा सिग्नलला बंद पडायला लागली की स्पेअर पार्टच्या दुकानात हमखास पुढे येणारी वस्तू म्हणजे कार्ब क्लीनरचा, म्हणजे कार्बोरेटर साफ करायच्या स्प्रेचा डबा. साधारण ५०० मिलीचा, अडीचशे ते पाचशे रुपयांचा. हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या डब्याचं नाही, या प्रकारच्या सगळ्याच डब्यांचं आहे. नावं वेगळी असली तरी आतला माल बराचसा सारखा असतो आणि तो कसा वापरला यावरच सगळं ठरतं.

आमचं मत आधीच सांगतो. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) उतरवून, उघडून वापरला तर हा डबा पैसे पुरेपूर वसूल करून देतो. बाहेरून किंवा फिल्टरच्या तोंडातून मारला तर जवळजवळ सगळा वाया जातो. आणि कित्येक गाड्यांना त्याची गरजच नसते, कारण दोष भलतीकडेच असतो.

उदाहरणाला हिरो होंडा स्प्लेंडर घेतली आहे. १९९४ साली आलेली, ९७.२ सीसीची ही गाडी महाराष्ट्रातल्या गावोगावी अजून चालते, आणि सीडी १०० किंवा पॅशनवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचं सरकारी मानक) गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. त्या गाड्यांसाठी हा लेख नाही.

डबा घेण्याआधी

पहिली तपासणी फुकटातली आहे. पेट्रोल कॉक बंद करायचा, कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीखालचा (आत पातळी राखणारा तरंगता फ्लोट असतो) ड्रेन स्क्रू सैल करायचा आणि येणारं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरायचं. पाच मिनिटं बाटली स्थिर ठेवली की पाणी तळाशी वेगळं दिसतं, तांबूस गाळ दिसला तर टाकी आतून गंजली आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत म्हणूनच हे वारंवार सापडतं. पाणी निघालं तर टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरा. स्प्रेने पाणी जाणार नाही.

मग कॉकला लागलेला पाइप कार्बोरेटरकडून काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर टाकीचं झाकण उघडून परत बघा. झाकण उघडताच धार सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. गाडी दोन-चार किलोमीटर छान चालते, बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

प्लग काढून त्याचं टोक बघणं तर टाळूच नये. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फालतू हवा शिरतेय. ओलसर, तेलकट काळा असेल तर ऑइल वर चढतंय, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील गेलं, आणि त्याला जगातला कुठलाही स्प्रे उपाय नाही. या गाडीला १० मिमी आट्याचा प्लग लागतो, पाना १६ मिमीचा. गॅप ०.६ ते ०.७ मिमी. फीलर गेज सव्वाशे-दीडशेला मिळतो, डोळ्याने अंदाज करू नका. नवा प्लग हाताने पूर्ण बसेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने अर्धा वेढा. हेडचे आटे ॲल्युमिनियमचे असतात. ते गेले की पन्नास-शंभर रुपयांच्या प्लगपायी हेडचं काम निघतं.

एअर फिल्टर कागदाचा आणि तेल लावलेला असेल तर तो धुवायचा नाही, हवा मारूनही साफ करायचा नाही, बदलायचा. जुन्या गाड्यांत स्पंजाचा असतो. तो रॉकेलमध्ये धुऊन, न पिळता दाबून, वाळवून, इंजिन ऑइलचा हलका हात लावून बसवतात. स्पंजाचा भुगा पडायला लागला असेल तर नवा घ्या, कारण तो भुगा थेट कार्बोरेटरमध्ये जातो.

टॅपेटबद्दल (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकर दांडीवरचा, फट ठेवायचा स्क्रू) थोडं अधिक, कारण याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. गाडी थंड असताना सुरू होते, तापली की दम सोडते आणि बंद केल्यावर पुन्हा लवकर सुरू होत नाही, असं असेल तर टॅपेट घट्ट झाले असण्याची दाट शक्यता असते. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं राहिलेलं. फ्लायव्हीलवरची टी खूण कव्हरवरच्या खुणेसमोर आणायची आणि दोन्ही रॉकर हलके हलतात का ते बघायचं. हलत नसतील तर फ्लायव्हील आणखी एक पूर्ण वेढा फिरवायचं. फट गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते तेवढीच ठेवायची. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची गोष्ट आहे, कानाने सेट करायची नाही. टिकटिक आवाज नको म्हणून टॅपेट आवळून देणं ही गाडीवर केलेली सगळ्यात महागडी मेहेरबानी.

आणि गाडी ओढत नाही एवढीच तक्रार असेल तर दोन्ही चाकं उचलून हाताने फिरवून बघा, ब्रेक धरतोय का. क्लचच्या लिव्हरला टोकाशी १० ते २० मिमी मोकळीक आहे का तेही बघा.

मग डबा कधी घ्यायचा

गाडी चोक ओढल्यावरच चालते, चोक सोडला की बंद पडते. आयडलिंग (थ्रॉटल न देता उभ्या गाडीचं इंजिन चालू राहणं) धरत नाही, पण अर्ध्या थ्रॉटलवर मात्र सुरळीत पळते. ही बुजलेल्या पायलट जेटची (आयडलिंगपुरतं पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) लक्षणं आहेत आणि इथे कार्ब क्लीनरला तोड नाही. त्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. महिनोन्महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, पिवळसर वार्निश उरतं. साध्या पेट्रोलने किंवा रॉकेलने ते नीट विरघळत नाही. कार्ब क्लीनरमध्ये ॲसिटोन, टोल्युइन, झायलीन अशी कडक द्रावणं असतात, ती विरघळवतात.

पण हीच लक्षणं इनलेट पाइपची ओ-रिंग (सांधा बंद ठेवणारी रबरी रिंग) गेल्यावरही दिसतात. म्हणून आधी तपासायचं: गाडी आयडलवर चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यावर नळीने अगदी जरासा फवारा मारायचा. आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय. हे इंजिन थंड असतानाच, सुरू केल्या केल्या आणि उघड्यावर करायचं. सायलेन्सर तापलेला असताना कधीही नाही, हा फवारा पेट्रोलसारखाच पेटतो.

काम कसं करायचं

कॉक बंद, वाटी रिकामी, पाइप काढा. कार्बोरेटर इंजिनाकडून १० च्या पान्याने निघतो. वरचं झाकण फिरवून स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारा तुकडा) बाहेर काढताना तिच्यातल्या सुईची क्लिप कितव्या खाचेत आहे ते टिपून ठेवा, फोटो काढलात तर उत्तम. वाटीचे स्क्रू जपानी धाटणीचे असतात. बाजारातला साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, निसटतो आणि डोकं खाऊन टाकतो. जपानी टोकाचा ड्रायव्हर घेतला तर पुढच्या अनेक वर्षांचा त्रास वाचतो.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी: फवारा मारण्याआधी रबराचं आणि प्लास्टिकचं सगळं बाहेर. फ्लोट, फ्लोटची सुई (तिचं टोक रबरी असतं), वाटीचं गॅस्केट, सगळ्या ओ-रिंगा. कार्ब क्लीनरने रबर फुगतं, मग वाटी नीट बसत नाही आणि काम झाल्यावर पेट्रोल ठिबकायला लागतं. दोष डब्याला दिला जातो, तो असतो न काढलेल्या ओ-रिंगचा. टाकीच्या रंगावर थेंब पडला तर रंगही जातो, म्हणून हे काम गाडीपासून दूर, स्टीलच्या ताटात करा.

पायलट स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा) काढण्याआधी तो हलकेच आत फिरवत टेकेपर्यंत किती वेढे बसतात ते मोजा आणि लिहून ठेवा. जोर लावलात तर निमुळतं टोक बसण्याच्या जागेत रुतून मोडतं, आणि मग अख्खा कार्बोरेटर बदलायची वेळ येते. जेट पितळेचे, मऊ असतात. खाचेत घट्ट बसणारा ड्रायव्हरच वापरा. काही छोट्या कार्बोरेटरांत पायलट जेट दाबून बसवलेला असतो, तो निघत नाही. त्याला आहे तिथेच फवारा द्या.

प्रत्येक भोकात नळी टेकवून फवारा मारा, दहा मिनिटं भिजू द्या, परत मारा. दरवेळी दुसऱ्या टोकातून धार बाहेर येते का ते बघा. पायलटच्या मार्गात मारलेली धार स्लाइडजवळच्या बारीक भोकातून आणि फिल्टरच्या बाजूच्या तोंडातूनही आली पाहिजे. एक बोटाने बंद करून दुसरं तपासा. इथे डोळ्यांवर चष्मा हवाच, ही धार नेमकी तोंडावर येते. मग पंक्चरवाल्याकडची हवा मारली तर फारच छान. जेट उजेडासमोर धरा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. बुजलेलंच असेल तर विजेच्या वायरमधला तांब्याचा एक पदर घाला. स्टीलची तार किंवा टाचणी नको, त्याने भोक मोठं होतं आणि ॲव्हरेज कायमचं पडतं.

एका कार्बोरेटरला साधारण पाव ते एक तृतीयांश डबा लागतो. जोडताना रिपेअर किटमधल्या नव्या ओ-रिंगा आणि गॅस्केट घाला. फ्लोटच्या सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर तीही बदला, नाहीतर ओव्हरफ्लो थांबणार नाही. स्लाइडचा कापलेला भाग फिल्टरच्या बाजूला येतो.

सेटिंग

गाडी दहा मिनिटं चालवून तापवा. आयडल स्क्रूने आरपीएम १४०० च्या आसपास आणा. मग पायलट स्क्रू हळूहळू आत-बाहेर करत इंजिन सगळ्यात जोरात आणि सारखं फिरतं ती जागा शोधा, आणि आयडल परत खाली आणा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर उलटं, बाहेर काढला की घट्ट. हा फरक माहीत नसल्याने कितीतरी सेटिंगं उलटी होतात. आणि पायलट स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनाला काहीच फरक पडत नसेल तर मार्ग अजून बुजलेला आहे. कार्बोरेटर परत उतरवा.

बाकीच्या पर्यायांशी तुलना

चालू गाडीच्या तोंडात फवारा मारायची पद्धत आम्ही मुळीच सुचवत नाही. धार मधल्या मोठ्या भोकातून थेट इंजिनात जाऊन जळते, खालच्या वाटीतल्या जेटांना ती शिवतही नाही. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या थोडीफार घाण चढलेल्या, रोज चालणाऱ्या गाडीला ठीक आहेत. पूर्ण बुजलेल्या जेटमधून पेट्रोलच जात नाही, तिथे त्यातलं औषध पोचणार कसं? अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुऊन मिळत असेल तर वर्षानुवर्षं उभ्या गाडीसाठी ते डब्याहूनही सरस. रोजच्या गाडीला तेवढी गरज नसते.

घेताना बारीक लाल नळी सोबत आहे ना ते बघा, तिच्याशिवाय डब्याला अर्थ नाही. घरी आल्यावर स्टीलच्या वाटीवर एक फवारा मारून बघा. पूर्ण उडून गेला पाहिजे, तेलकट थर राहिला तर तो माल कार्बोरेटरसाठी नाही. गंज सोडवायचा किंवा पाणी हटवायचा स्प्रे ही वेगळी वस्तू आहे, दुकानदाराने तीच हातात दिली तर परत करा. चेन धुवायला मात्र हा डबा वापरू नका, त्याला रॉकेल आणि ब्रश पुरतात. उरलेला डबा उन्हापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा.

गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीचा ड्रेन स्क्रू उघडायचा, पेट्रोल काढून टाकायचं आणि स्क्रू परत आवळायचा. पाच मिनिटांचं काम आहे. वाटीत पेट्रोलच उरलं नाही तर वार्निश धरणार नाही.